करार सोडला की कटकट सुटते का?

प्रश्न असा आहे: अमेरिका पॅरिस हवामान करारातून दुसऱ्यांदा बाहेर पडली. आजवर हवेत सर्वांत जास्त धूर ज्यांनी सोडला तेच उठून गेले, मग भारतानं तिथं का बसून राहायचं? आपल्या उद्योगांनी हे लोढणं गळ्यात का बाळगायचं?

माझं उत्तर आहे: राहावं. पण राहण्याची जी कारणं सहसा सांगितली जातात ती मला फारशी पटत नाहीत. वसुंधरा वगैरे बाजूला ठेवू. मी वीसेक वर्षं एनर्जी ऑडिट करतोय आणि त्यातली निम्मी कार्बनच्या कागदपत्रांत गेली आहेत, त्यामुळे मला हिशेबाच्या बाजूनंच बोलता येतं.

हाच प्रश्न मला मध्यंतरी चाकणजवळच्या एका बोल्ट-नटांच्या कारखान्यात ऐकायला मिळाला. टेबलावर लॅपटॉप, त्यात युरोपातल्या ग्राहकानं पाठवलेली एक्सेलची फाईल. वायर रॉड कुठल्या मिलचा, त्या मिलचं पोलाद ब्लास्ट फर्नेसचं (म्हणजे कोळशाच्या भट्टीतलं) की विजेवरच्या इलेक्ट्रिक फर्नेसचं, हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत वर्षभरात गॅस किती जळला, डीजी सेटला, म्हणजे डिझेल जनरेटरला, डिझेल किती लागलं. अकाउंटंटनं डीजीचं लॉगबुक आणून दिलं. एप्रिल ते जून पानं कोरी, आणि जुलैत एकदम एकच आकडा, तोही छान गोल. मी काही बोललो नाही, पण शेठ वैतागले. म्हणाले, "साहेब, अमेरिकेनं सोडला ना तो करार? आपणही सोडू या. मिटली ही कटकट."

मिटणार नाही, कारण ती फाईल पॅरिस करारातून आलेलीच नाही. ती युरोपियन युनियनच्या सीबॅम नावाच्या कायद्यातून आली आहे. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज एवढ्यांवर, ते बनवताना हवेत गेलेल्या कार्बनच्या हिशेबानं, सीमेवरच आकार म्हणजे शुल्क लावायचं, असा तो कायदा. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती मागत होते, १ जानेवारी २०२६ पासून पैशांचा भाग सुरू झाला. बोल्ट-नट त्यात येतात. पहिल्या वर्षी आकार अगदी किरकोळ आहे, पूर्ण हिशेबाच्या अडीच टक्के. पण २०३० ला तो ४८.५ टक्क्यांवर जातो आणि २०३४ ला शंभर टक्क्यांवर. भरायचा युरोपातल्या आयातदारानं; पण तो काय स्वतःच्या खिशातून थोडाच घालणार आहे, पुढच्या ऑर्डरला भाव पाडून मागणार.

आणि या कायद्यात माल कुठल्या देशाचा हे बघतात, तो देश पॅरिस करारात आहे की नाही हे बघत नाहीत. अमेरिकेतून आलेल्या बोल्टलाही तोच नियम. म्हणजे उद्या भारतानं करार सोडला तरी शेठची फाईल तशीच राहील आणि डीजीचं लॉगबुकही भरावंच लागेल. करार आणि कटकट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडच्या चर्चेत त्यांची गल्लत होते, आणि खरं सांगायचं तर दोन्ही बाजूंकडून होते.

मग पॅरिस करार आपल्याकडून मागतो तरी काय? दर पाच वर्षांनी तुम्ही स्वतःच ठरवलेलं उद्दिष्ट लिहून द्या, त्याला एनडीसी म्हणतात. ते गाठण्यासाठी देशात काहीतरी पावलं उचला. आणि दर दोन वर्षांनी काय झालं ते सांगा. बस्स. उद्दिष्ट हुकलं तर दंड नाही. अंमलबजावणीवर लक्ष ठेवणारी समिती आहे, पण ती दंडात्मक नसेल असं करारातच, पंधराव्या कलमात लिहून ठेवलंय. पुण्यामुंबईच्या सोसायट्यांत मेंटेनन्स थकवणाऱ्यांची नावं जिन्याखालच्या फळ्यावर लावतात ना, तेवढाच याचा धाक. फरक इतकाच, की इथं मेंटेनन्स किती द्यायचा हेही ज्याचं त्यानंच ठरवायचं असतं.

याच्या आधीचा क्योटो करार तसा नव्हता, आणि सोडायचं की राहायचं हा हिशेब तिथं खरोखर मांडण्यासारखा होता. १९९७ च्या त्या करारात श्रीमंत देशांना आकडे बांधून दिले होते. कॅनडाला १९९० च्या पातळीपेक्षा ६ टक्के खाली यायचं होतं. आकडा चुकला तर चुकलेला भाग १.३ नं गुणून पुढच्या काळात फेडायचा, म्हणजे व्याजासकट. कॅनडा ६ टक्के खाली यायच्या ऐवजी बराच वर गेला, कारण अल्बर्टातल्या तेलवाळूचा धंदा जोरात होता. राहायचं तर दुसऱ्या देशांकडून क्रेडिट (म्हणजे त्यांनी कमी केलेलं उत्सर्जन आपल्या खात्यावर) विकत घ्यायला अब्जावधी डॉलर लागले असते. डिसेंबर २०११ मध्ये कॅनडानं बाहेर पडतो म्हणून जाहीर केलं, वर्षभरानं बाहेर पडला आणि ती देणी टळली. नैतिकदृष्ट्या कसं होतं ते सोडा, व्यवहार म्हणून त्यात अर्थ होता. बाहेर पडून काहीतरी वाचलं.

पॅरिसमधून बाहेर पडून काय वाचतं? भारताचंच बघू. २०१५ मध्ये आपण लिहून दिलं की २०३० पर्यंत विजेच्या स्थापित क्षमतेत ४० टक्के वाटा कोळसा-गॅस सोडून इतर स्रोतांचा असेल. २०२२ मध्ये ते ५० टक्के केलं. जुलै २०२५ मध्ये सरकारनं जाहीर केलं की ५० टक्के झाले, पाच वर्षं आधीच. दुसरं उद्दिष्ट, जीडीपीच्या दर रुपयामागचं उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करण्याचं. त्यात २०२० पर्यंतच ३६ टक्के घट झाल्याचा आपला अधिकृत अहवाल आहे. या उद्दिष्टात एकूण उत्सर्जन कमी करायची अट नाही. अर्थव्यवस्था वाढली तर धूरही वाढू शकतो, फक्त थोड्या कमी वेगानं. असल्या कराराचं जोखड मानेवर रुतलंय असं म्हणणाऱ्यानं ते जोखड एकदा हातात घेऊन बघावं.

(५० टक्क्यांवरून हुरळून जाणाऱ्यांसाठी: ती क्षमता आहे, वीज नव्हे. सौर पॅनल रात्री झोपतं, कोराडीचा संच झोपत नाही. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत अजून सुमारे पाऊण हिस्सा कोळशाचाच आहे. क्षमतेचा आकडा लिहून देणारे आपले वाटाघाटी करणारे अधिकारी साधे नव्हते.)

शिवाय हे सगळं करारासाठी झालं असंही नाही. २०१७ मध्ये राजस्थानात भादलाच्या लिलावात सौर विजेचा दर युनिटला २ रुपये ४४ पैशांवर आला, तिथंच खेळ पालटला. आपल्या राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना चालू आहे. गावातल्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची. ती वीज तीन रुपयांच्या आसपास पडते. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन, साप-बिबट्या चुकवत विहिरीवरची मोटर सुरू करायला जाणाऱ्या माणसाला दिवसा वीज हवी होती, महावितरणला महागडी वीज आणि क्रॉस सबसिडीचा (इतर ग्राहकांकडून जास्त घेऊन शेतीची वीज स्वस्त देण्याचा) भार कमी हवा होता. यातल्या कुणाच्याही डोक्यात पॅरिस नव्हतं. करार उद्या रद्द झाला तरी ही योजना थांबायचं कारण नाही.

अमेरिकेतही तेच दिसतं, उलट्या बाजूनं. तिचा येण्याजाण्याचा क्रम मजेशीर आहे. जून २०१७ मध्ये ट्रम्प यांनी बाहेर पडतो म्हणून जाहीर केलं, पण कराराचं अठ्ठाविसावं कलम सांगतं की करार लागू झाल्यापासून तीन वर्षं नोटीसच देता येत नाही, आणि नोटिशीनंतर आणखी एक वर्ष थांबावं लागतं. करार लागू झाला ४ नोव्हेंबर २०१६ ला. म्हणून प्रत्यक्ष बाहेर पडायला ४ नोव्हेंबर २०२० उजाडला, आणि त्याच्या आदल्या दिवशी तिकडे अध्यक्षीय निवडणुकीचं मतदान झालं. बायडन यांनी २० जानेवारी २०२१ ला परत यायचं पत्र दिलं. परत यायला मात्र ३० दिवस पुरतात. मग पुन्हा ट्रम्प, पुन्हा पत्र, आणि २७ जानेवारी २०२६ ला पुन्हा बाहेर. निघायला वर्ष, परतायला महिना. रुसून माहेरी गेलेल्यांसाठीच जणू हे कलम लिहिलंय.

या ये-जा करण्यानं अमेरिकेतला धूर तितका हलला नाही. पहिल्या वेळी बाहेर पडण्याच्या घोषणेनंतरही तिथली कोळशावरची वीज घटतच गेली, कारण गॅस स्वस्त होता. आता पवन आणि सौर प्रकल्पांना खरा फटका बसलाय तो करातल्या सवलती काढणाऱ्या जुलै २०२५ च्या कायद्यानं. पॅरिसच्या नोटिशीनं नव्हे.

इथवर वाचून कुणी म्हणेल, की करारानं इतकं काहीच होत नसेल तर राहिलं काय आणि सोडलं काय! इथंच माझा मुद्दा सुरू होतो. राहण्याचा खर्च जवळपास शून्य आहे, पण बाहेर पडण्याचा खर्च शून्य नाही. तो कुठं होतो ते नीट बघावं लागेल.

पहिली गोष्ट खुर्चीची. करारातले देश दरवर्षी हवामान परिषदेला जमतात. तिथं निर्णय मतदानानं होत नाहीत, सर्वसंमतीनं होतात, त्यामुळे एकेका शब्दासाठी रात्र जागवावी लागते. डिसेंबर २०१५ मध्ये पॅरिसला शेवटच्या दिवशी मसुदा वाटल्यावर अमेरिकेच्या लक्षात आलं की श्रीमंत देशांच्या उत्सर्जन कपातीच्या वाक्यात 'शुड'च्या जागी 'शॅल' पडलंय. 'शॅल' म्हणजे कायदेशीर बंधन, आणि मग करार सिनेटकडे न्यावा लागला असता, तिथं तो मेला असता. टंकलेखनातली चूक म्हणून तो शब्द बदलून घेतला. आपणही काही कमी नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोला कोळशाचा वापर 'संपवत नेणे' असं मसुद्यात होतं. शेवटच्या तासात आपले पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी उभं राहून ते 'कमी करत नेणे' करायला लावलं. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांचा गळा दाटून आला, जगभरातून आपल्यावर टीका झाली. पण चंद्रपूरपासून सिंगरौलीपर्यंत ज्यांची चूल कोळशावर आहे त्यांच्या दृष्टीनं तो शब्द महत्त्वाचा होता, आणि तो बदलायला खोलीत असावं लागलं. ती टीका मी तेव्हा घरी बसून वाचली आणि मला आपल्या माणसांचं कौतुकच वाटलं. पर्यावरणवाल्या मित्रांना हे आवडत नाही, माहीत आहे.

दुसरी गोष्ट व्यापाराची, आणि माझ्या कामाशी तिचा जास्त संबंध. सीबॅमविरुद्ध भारताचा मुख्य युक्तिवाद काय आहे? की १९९२ चा हवामानविषयक मूळ करार आणि पॅरिस करार दोन्ही 'जबाबदारी सामायिक पण वेगवेगळी' हे तत्त्व मानतात. मूळ कराराचं तिसरं कलम सांगतं की हवामानाच्या नावाखाली केलेली उपाययोजना व्यापारात छुपा अडथळा ठरू नये. मग युरोप सगळ्यांना एकाच मापानं कसा मोजतो? हा युक्तिवाद भक्कम आहे, पण पॅरिस सोडलेल्या देशाच्या तोंडी तो शोभत नाही. मूळ करारावरची सही राहील, पण ज्या कागदावरची सही आपण खोडली त्याच कागदातलं तत्त्व वाचून दाखवणार? ब्राझीलमध्ये बेलेमला २०२५ च्या परिषदेत हवामान आणि व्यापार यांवर औपचारिक संवाद ठेवायचं मान्य झालं, ते आपल्यासारख्या देशांनी लावून धरलं म्हणूनच. त्यातून उद्याच सीबॅम रद्द होईल असं मी म्हणत नाही. दार किलकिलं झालंय, एवढंच.

याला आणखी एक बाजू आहे. युरोप आता व्यापार करारांतही पॅरिस घालतो. ब्रिटन आणि न्यूझीलंडबरोबरच्या त्यांच्या करारांत पॅरिसचं पालन हा पायाभूत घटक मानलाय. तो मोडला तर व्यापार करारातल्या सवलतीही धोक्यात येऊ शकतात. आपण बाहेर पडलो तर समोरच्या हातात आयतं कोलीत.

"पण अमेरिकेला कुणी हात लावत नाही!" खरं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये जहाजांच्या उत्सर्जनावर आकार लावायचा जागतिक प्रस्ताव लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत मतदानाला यायचा होता. अमेरिकेनं असा दबाव टाकला की निर्णय वर्षभर पुढे गेला. पण ती अमेरिका आहे. तिच्या बाजारपेठेवाचून कुणाचं भागत नाही. ज्यांनी पॅरिस कधी मान्यच केला नाही असे इराण, लिबिया आणि येमेनही बाहेरच आहेत, आणि त्यांचा दबाव कुठं दिसत नाही. बाहेर बसून धाक दाखवायचा तर आधी तेवढं वजन लागतं.

करार सोडावा म्हणणाऱ्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा पैशांचा आहे, आणि त्यात मी निम्मा त्यांच्या बाजूचा आहे. माणशी कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन आपलं वर्षाला साधारण दोन टन, अमेरिकेचं चौदाच्या घरात. श्रीमंत देशांनी विकसनशील देशांना हवामानाच्या कामासाठी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं. त्यांच्याच हिशेबानं ते २०२२ मध्ये पूर्ण झालं, आणि त्यात कर्जं किती, मदत किती हा वाद वेगळाच. अमेरिकेनं हरित हवामान निधीला ३ अब्ज कबूल केले होते, ओबामांच्या काळात १ अब्ज आले. २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत पुढचा आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. हातोडा आपटून झाल्यावर भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी त्याला भर सभेत दृष्टिभ्रम म्हटलं. बरोबरच म्हटलं.

पण पैसा मिळत नाही म्हणून निघून गेल्यानं पैसा मिळतो, असं कुठं झालंय? नाक दाबलं की तोंड उघडतं हे खरं, पण ते नाक आत शिरण्याआधी दाबायचं असतं. हे आपल्याला जमलंही होतं. ओझोनचा माँट्रियल करार १९८७ चा. भारत तेव्हा आत गेला नाही. फ्रीजमधला गॅस बदलायचा तर तंत्र आणि पैसा द्या, मग येतो, अशी भूमिका घेतली. १९९० मध्ये लंडनला स्वतंत्र निधी मान्य झाला आणि १९९२ मध्ये आपण सही केली. तो निधी खरोखर चालला. पॅरिसमध्ये आपण २ ऑक्टोबर २०१६ ला, गांधीजयंतीच्या मुहूर्तावर, दाखल झालो. अट घालायची वेळ तेव्हा होती. ती गेली. आता आत राहून दर परिषदेत थकबाकी वाचून दाखवायची, एवढंच उरलंय, आणि आपण बाहेर पडलो तर सर्वांत जास्त सुटकेचा निःश्वास तेच सोडतील ज्यांची थकबाकी आहे.

कार्बन क्रेडिटच्या कमाईसाठी करारात राहा, असंही कुणी सांगतं. त्यांना मी सबुरीनं घ्यायला सांगेन, कारण त्या विस्तवानं माझेही हात पोळले आहेत. क्योटोच्या सीडीएम योजनेत (विकसनशील देशांतल्या प्रकल्पांनी कमी केलेल्या धुराची क्रेडिट श्रीमंत देशांना विकायची) पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या बगॅसवरच्या, म्हणजे उसाच्या चोथ्यावरच्या, वीजप्रकल्पाची कागदपत्रं मी केली. संचालक मंडळापुढे समजावून सांगितलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे न झालेला धूर विकायचा?" त्याहून चांगली व्याख्या मी आजवर ऐकली नाही. तेव्हा एका क्रेडिटचा भाव पंधरा-वीस युरो होता आणि कर्जफेडीच्या तक्त्यात ती कमाई धरलेली होती. २०१२ संपेपर्यंत भाव एका युरोखाली गेला. युरोप हाच मोठा गिऱ्हाईक, आणि त्यानं पुढच्या नव्या प्रकल्पांची क्रेडिट फक्त सर्वांत गरीब देशांकडून घ्यायचं ठरवलं. माझी फी पुढच्या हंगामात, तीही अर्धीच, मिळाली. पॅरिसच्या सहाव्या कलमाखाली आता नवा बाजार उभा राहतोय, जपानशी भारतानं २०२५ मध्ये तसा करारही केलाय. करारात नसलेल्या देशाला तिथं दुकान मांडता येत नाही, हे खरं. पण एवढ्यासाठी राहा असं मी कुणाला सांगणार नाही.

आणि बाहेर पडलं की कायद्याची जबाबदारी संपली, हेही आता ठामपणे म्हणता येत नाही. जुलै २०२५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं सल्लामत दिलं की हवामानाला मोठी हानी होऊ न देण्याचं कर्तव्य रूढ आंतरराष्ट्रीय कायद्यातही आहे, करारात असा वा नसा.

राहायचं ते कसं, यावर मात्र माझं मत ठाम आहे. उद्दिष्टाचे आकडे झेपतील एवढेच लिहावेत, टाळ्यांसाठी फुगवू नयेत. फळ्यावर नाव यायला नको असेल तर तोच उपाय. आणि देशातला कार्बन बाजार, म्हणजे उद्दिष्टापेक्षा जास्त धूर सोडणाऱ्या कारखान्यानं कमी सोडणाऱ्याकडून क्रेडिट विकत घ्यायची व्यवस्था, लवकर मार्गी लावावा. सिमेंट, ॲल्युमिनियमसारख्या क्षेत्रांतल्या कारखान्यांना ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्दिष्टं ठरवून दिली आहेत. सीबॅममध्ये अशी सोय आहे की मूळ देशात कार्बनची किंमत खरोखर भरली असेल तर ती वजा होते. तो पैसा ब्रसेल्सला जाण्यापेक्षा आपल्याकडे राहिलेला काय वाईट?

शेठना मी एवढं सगळं सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "मग छतावर सोलर टाकू का? आकडा खाली येईल?" म्हटलं, वीजबिलासाठी जरूर टाका, पण या फाईलसाठी नको. पोलादाच्या मालाला सीबॅम सध्या विजेचं उत्सर्जन धरतच नाही. थेट जळलेलं इंधन आणि कच्च्या मालाचं ओझं धरतो. तुमच्या बोल्टमधला बहुतेक कार्बन वायर रॉडबरोबरच गेटातून आत येतो. तिकडचा खरा आकडा मिळाला नाही तर युरोप स्वतःचा ठोकळ आकडा लावतो, आणि तो आपल्या सोयीचा नसतो.

त्यांनी तिथल्या तिथं पुरवठादाराला फोन लावला. पलीकडच्या माणसाला एमिशन म्हणजे काय हवंय तेच कळेना. टेस्ट सर्टिफिकेट (पोलादाच्या दर्जाचा दाखला) पाठवतो म्हणाला, हीट नंबरसकट. टेस्ट सर्टिफिकेट आमच्याकडे होतंच. शेवटी मिलच्या पुण्यातल्या मार्केटिंगवाल्याचा नंबर मिळाला, त्याला मेल केलाय. मेलचं उत्तर अजून आलेलं नाही. मंगळवारी पुन्हा चाकणला जायचंय. तोवर अकाउंटंटला डीजीचं लॉगबुक रोज, खऱ्या रीडिंगनं भरायला सांगून ठेवलंय.